गावाच्या पैशाची काटापावती
— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



आपला ऊस काट्यावर गेला की आपण काय करतो? भरल्या गाडीचं वजन बघतो, रिकाम्या गाडीचं बघतो, आणि निव्वळ टनेज पावतीवर नीट उतरलं की नाही ते तपासतो. बिल आलं की टनेज, दर आणि कपाती एकेक करून ताळून पाहतो. क्विंटलभराची तफावत दिसली तरी गट ऑफिसात येऊन जाब विचारतो. विचारायलाच हवा. मालक आहात तुम्ही.

पण याच सभासदाला विचारलं, "तुमच्या पाणंद रस्त्यावर ग्रामपंचायतीने गेल्या वर्षी किती खर्च केला?" तर उत्तर येतं, "कुणास ठाऊक, सरपंचांना माहीत!" वास्तविक तो पैसाही आपलाच. फरक एवढाच, की त्याची पावती आपण कधी मागितली नाही. आता ती मागायला तालुक्याला हेलपाटे घालावे लागत नाहीत. सरकारने आपल्या खतावण्या संकेतस्थळांवर उघड्या ठेवल्या आहेत, आणि घरातल्या पोराच्या मोबाईलवर त्या वाचता येतात. त्या कशा वाचाव्यात आणि वाचल्यावर पुढे काय करावं, याची माहिती या लेखात देत आहोत.

शेतकी खात्याला ही उठाठेव कशाला, असं कोणी म्हणेल. कारण साधं आहे. तोडलेला ऊस फडात पडून राहिला की वजन घटतं आणि उताराही घटतो. चोवीस तासांच्या आत ऊस गाळपाला आला पाहिजे, हे आम्ही दर हंगामात सांगत आलो आहोत. पण पाणंदीत ट्रॅक्टर रुतला, ट्रॉली कलंडली, मोरी खचली, की आमचा तोडणी कार्यक्रम कागदावरच राहतो. नुकसान सभासदाचंही होतं, कारखान्याचंही होतं. सबब रस्त्याचा पैसा रस्त्यावर पडतो की नाही, हा आपल्या उसाचाही प्रश्न आहे.

पैसा येतो कुठून?

ग्रामपंचायतीकडे घरपट्टी-पाणीपट्टीचे स्वतःचे उत्पन्न असते. त्याखेरीज मोठी रक्कम वित्त आयोगाच्या अनुदानातून येते. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी देशातील ग्रामीण स्थानिक संस्थांकरिता २,३६,८०५ कोटी रुपयांची शिफारस केली होती. आपल्या राज्यात या अनुदानाचा ८० टक्के हिस्सा ग्रामपंचायतींना आणि प्रत्येकी १० टक्के हिस्सा पंचायत समिती व जिल्हा परिषदेला, अशी वाटणी ठरली.

या पाच वर्षांच्या हिशेबात दोन शब्द वारंवार दिसतील: बंधित आणि अबंधित. ते नीट समजून घ्यावेत. ६० टक्के रक्कम बंधित, म्हणजे ठरलेल्या कामालाच बांधलेली. त्यातली निम्मी पिण्याचे पाणी व जलसंधारणासाठी, निम्मी स्वच्छतेसाठी. उरलेली ४० टक्के अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे खर्चायची, मात्र पगार व आस्थापनेवर नाही.

समजा, एखाद्या गावाला एका वर्षात दहा लाख रुपये आले. त्यातले तीन लाख पाण्याचे, तीन लाख स्वच्छतेचे, आणि चार लाख इतर कामांचे. पाणंद रस्ता करायचा तर तो या चार लाखांतून. "दहा लाख आले आणि आमचा रस्ता का नाही?" असं विचारणाऱ्याने आधी हा हिशेब मांडावा. उलट, पाण्याच्या पैशातून भलतेच काम झालेले दिसले, तर तिथे प्रश्न विचारणे रास्त आहे.

हा हक्क आपोआप मिळालेला नाही

आज हिशेब उघडे दिसतात ते कुणाच्या मेहेरबानीने नव्हे. राजस्थानातील मजूर किसान शक्ती संघटनेने २ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातल्या कोट किराना येथे पहिली जनसुनवाई घेतली. दुष्काळी कामांचे हजेरीपट आणि बिले गावासमोर वाचून दाखवली. ज्यांची नावे वाचली गेली तेच लोक समोर बसलेले. नाव हजेरीपटावर, पण माणूस कधी कामावर गेलेलाच नाही, असे प्रकार चारचौघांत उघडे पडले. पुढे १९९६ साली ब्यावरला चाळीस दिवसांचे धरणे झाले. सरकारी हिशेबाची प्रत मिळालीच पाहिजे, ही मागणी तिथून देशभर गेली.

आपल्याकडे अण्णा हजारे यांच्या आंदोलनाने महाराष्ट्राचा माहिती अधिकार कायदा २००२ अमलात आला. देशाचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू झाला. त्यातल्या कलम ४ प्रमाणे, कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता सरकारी कार्यालयाने आपली माहिती स्वतःहून प्रसिद्ध करायची आहे. सरकारी संकेतस्थळांवर मांडलेले हिशेब म्हणजे याच कर्तव्याचा एक भाग आहे.

ई-ग्रामस्वराज कसे पाहावे

ग्रामपंचायतीच्या हिशेबासाठी मुख्य संकेतस्थळ ई-ग्रामस्वराज. २४ एप्रिल २०२० रोजी, पंचायतराज दिनी, ते सुरू झाले. मोबाईलवर एवढे नाव टाकले तरी सापडते. मात्र पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे ना, ते पाहावे. नावाशी मिळतेजुळते दुकान कोणीही थाटू शकतो. हिशेब पाहायला आधार नंबर, बँक खाते, ओटीपी यांतले काहीही लागत नाही आणि फीही लागत नाही. कोणी मागितली तर ते पान बंद करावे.

आत गेल्यावर अहवालांचा विभाग उघडावा. वर्ष, राज्य, जिल्हा, तालुका आणि ग्रामपंचायत निवडावी. चौकटीत दिसणारी अक्षरे जशीच्या तशी भरावी लागतात. ती चुकली तर पुन्हा भरावी, घाबरायचं कारण नाही. मग तीन गोष्टी क्रमाने पाहाव्यात.

पहिली, आराखडा. त्या वर्षासाठी गावाने कोणती कामे धरली आणि प्रत्येकासाठी किती रक्कम धरली, ते यात असते. 'आमचं गाव, आमचा विकास' म्हणून ग्रामसभेत जो विकास आराखडा होतो, तोच हा.

दुसरी, जमा. कोणत्या महिन्यात, कोणत्या योजनेतून, किती रक्कम आली. बऱ्याचदा वादाचे मूळ इथेच सापडते. आराखड्यात काम असते, पण पैसाच मार्च उजाडता उजाडता आलेला असतो.

तिसरी, खर्च. कोणत्या तारखेला, कोणाला, कशासाठी, किती रक्कम दिली, त्याची प्रमाणके येथे दिसतात. प्रमाणक म्हणजे व्हाउचर. ही झाली गावाची काटापावती.

या तिन्ही गोष्टी एका वहीत लिहून काढाव्यात: कामाचे नाव, आराखड्यातील रक्कम, दिलेली रक्कम, तारीख, घेणाऱ्याचे नाव. नुसतं बघून सोडून दिलं तर चार दिवसांनी काही आठवत नाही. वहीत असलं म्हणजे बोलता येतं.

पडद्यावरून बांधावर

आता मुख्य मुद्दा. संकेतस्थळ हे कागदाचं चित्र आहे, रस्त्याचं नव्हे. कागदावर जे लिहिलं तेच पडद्यावर येणार. मुरूम खरंच पडला का, हे पडदा सांगू शकत नाही. ते सांगणारा तुम्हीच. फीत घेऊन जागेवर जावे लागते.

उदाहरण घेऊ. समजा, एका पाणंदीच्या मुरुमीकरणाचे बिल निघाले. अंदाजपत्रकात लांबी ६०० मीटर, रुंदी ३ मीटर, दाबून बसलेल्या मुरुमाची जाडी १५ सेंटिमीटर. तर मुरूम किती?

६०० गुणिले ३ गुणिले ०.१५, म्हणजे २७० घनमीटर. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजेच साधारण २.८३ घनमीटर. २७० ला २.८३ ने भागले की सुमारे ९५ ब्रास येतात. ट्रॉली एक ब्रासची धरली तर ९५ खेपा. दाबल्यावर मुरूम बसतो, त्यामुळे प्रत्यक्षात सैल मुरूम याहून जास्तच लागतो.

आता जागेवर मोजा. लांबी ४०० मीटरच भरली आणि जाडी १० सेंटिमीटर निघाली, तर ४०० गुणिले ३ गुणिले ०.१० म्हणजे १२० घनमीटर, सुमारे ४२ ब्रास. बिल ९५ ब्रासचं आणि रस्त्यावर ४२. आपल्याला दुसरी शंका घ्यायला नको, इतका हा आकडा बोलका आहे. ज्याच्या बांधावरून ट्रॉल्या गेल्या त्याला खेपा किती झाल्या ते साधारण ठाऊक असतंच.

दोन पथ्ये पाळावीत. एक, मोजणी पाऊस लागण्यापूर्वी करावी. चिखल झाल्यावर जाडी कळत नाही. दोन, स्वतः टिकाव घालून रस्ता उकरू नये. जाडीची शंका असेल तर अभियंत्याकडे चाचणी खड्डा घेण्याची लेखी मागणी करावी आणि त्या वेळी चारपाच जणांनी हजर राहावे.

आणखी कोठे पाहावे

सगळीच कामे ग्रामपंचायतीच्या पैशातून होत नाहीत. म्हणून रस्त्यावरचा फलक आधी वाचावा. काम कोणत्या योजनेचे आहे ते कळल्याशिवाय कोणत्या खतावणीत शोधायचे ते कळत नाही.

रोजगार हमी: रोजगार हमीची कल्पना मूळ आपल्या महाराष्ट्राची, १९७२ च्या दुष्काळातली. पुढे २००५ च्या राष्ट्रीय कायद्याखाली झालेल्या कामांचे हजेरीपट, मजुरी, साहित्याची बिले आणि कामाची छायाचित्रे त्या योजनेच्या संकेतस्थळावर गावनिहाय मांडण्यात आली. पालकमंत्री शेत/पाणंद रस्ते योजना (२०१८) आणि मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना (२०२१) यांतून झालेल्या रस्त्यांना रोहयोची जोड असल्यास त्यांचा तपास येथे लागतो. संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये जुन्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. तथापि कायदा बदलला म्हणून झाल्या कामाचा हिशेब विचारायचा हक्क जात नाही. हजेरीपटावर आपले, शेजाऱ्याचे, परगावी गेलेल्याचे किंवा मयताचे नाव आहे का, एवढे जरी पाहिले तरी पुष्कळ झाले.

प्रधानमंत्री ग्रामसडक: ही योजना डिसेंबर २००० मध्ये सुरू झाली. या रस्त्यांची लांबी, किंमत, ठेकेदार व पूर्णतेची तारीख संकेतस्थळावर असते. महत्त्वाची गोष्ट म्हणजे रस्ता पूर्ण झाल्यापासून पाच वर्षे त्याची देखभाल ठेकेदाराकडेच असते. तिसऱ्या वर्षी खड्डे पडले तर नव्या निधीची वाट पाहू नये, तारीख दाखवून दुरुस्ती मागावी.

राज्याची खाती: राज्य सरकारच्या अंदाजपत्रकाची 'बीम्स' नावाची प्रणाली आहे. कोणत्या खात्याला किती तरतूद, त्यातली वितरित किती, खर्ची किती, हे तिथे दिसते. "निधीच नाही" असे उत्तर मिळाले तर त्याची शहानिशा करता येते. मोठ्या कामांच्या निविदा राज्याच्या महाटेंडर्स या संकेतस्थळावर आणि शासन निर्णय शासनाच्या मुख्य संकेतस्थळावर मिळतात.

लेखापरीक्षण: ग्रामपंचायतींचे लेखापरीक्षण अहवाल 'ऑडिट ऑनलाइन' या संकेतस्थळासाठी भरले जातात. लेखापरीक्षकाने काढलेल्या शंका नीट वाचाव्यात. "प्रमाणक आढळून आले नाही", "मोजमाप नोंद नाही" अशी वाक्ये दिसली, की कोणता कागद मागायचा ते आपोआप ठरते.

शंका म्हणजे आरोप नव्हे

आमच्या कार्यक्षेत्रातील एका गावची गोष्ट सांगण्यासारखी आहे. पाणंदीसाठी पैसे आले आणि ते खाल्ले, अशी गावभर बोलवा होती. ऐन हंगामात दोन ट्रॉल्या कलंडल्या, तेव्हा प्रकरण हातघाईवर आलं. चार तरुण सभासदांनी संकेतस्थळ उघडलं. आराखड्यात रस्ता होता, रक्कमही धरलेली होती. पण खर्चाच्या बाजूला एक रुपया दिसेना. मग कागद पाहिले. काम सुरूच झालं नव्हतं, कारण मोजणीत पाणंदीची नोंदलेली रुंदी जागेवर भरत नव्हती. दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांनी बांध सरकवत सरकवत पाणंद निम्मी करून टाकलेली. आणि पैसे खाल्ल्याची ओरड करणाऱ्यांत त्यांतलेच काही जण पुढे होते!

पुढचं सोपं नव्हतं. कुणाची ऊसाची सरी काढायची, कुणाचं झाड तोडायचं, यावर तीन बैठका मोडल्या. भावकीत अबोला धरला गेला. शेवटी पाच जणांनी आपला ऊस तुटल्यावर बांध मागे घेतले. एकाने घेतला नाही. त्याचं प्रकरण तहसीलदारांकडे गेलं. अडवलेली वहिवाट मोकळी करण्याचा आदेश देण्याचा अधिकार मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ प्रमाणे त्यांना आहे. रस्ता झाला, पण एक हंगाम वाया गेला.

तात्पर्य असे की, आकडा हाती आला म्हणजे चोर सापडला असे नव्हे. कधी नोंद उशिरा भरलेली असते. कधी कामाचे नाव मोघम, नुसते "रस्ता दुरुस्ती", असे असते. कधी पैसा दिला जातो तो मुरूम पुरवणाऱ्याला, आणि नाव अनोळखी वाटते. म्हणून आधी विचारावे, मग कागद पाहावा, मग बोलावे. कोणाची नावे, जॉबकार्ड, बँक खाते यांची छायाचित्रे व्हॉट्सॲपवर फिरवू नयेत. त्याने हिशेब सुटत नाही, गावात वैर मात्र वाढते.

मात्र याचा अर्थ गप्प बसावे असाही नाही. मोजमाप, बिल आणि जागा यांचा मेळ बसत नसेल, तर तिथे संकोच नको.

कागद मागावा कसा?

आधी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या ग्रामसेवकांना, समक्ष भेटावे. पुष्कळदा कागद सरळ दाखवला जातो. नाही दाखवला तर माहिती अधिकाराचा अर्ज आहे. फी दहा रुपये, ती कोर्ट फी स्टॅम्प लावून भरता येते. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीस फी नाही. राज्य शासनाच्या कार्यालयांसाठी ऑनलाइन अर्जाचीही सोय आहे. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयाचा व १५० शब्दांच्या आत असावा लागतो. माहिती का हवी, ते सांगण्याची सक्ती नाही.

"भ्रष्टाचार का झाला?" असे अर्जात लिहू नये. त्याला उत्तर मिळत नाही, कारण माहिती म्हणजे दप्तरात असलेला कागद. सबब कागदाचेच नाव घ्यावे:

"सन अमुक मध्ये अमुक पाणंद रस्त्याच्या कामाच्या पुढील कागदांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात: १) मंजूर अंदाजपत्रक, २) कार्यारंभ आदेश, ३) मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने, ४) देयके व प्रमाणके, ५) काम पूर्ण झाल्याचा दाखला."

प्रतीला दर पानास दोन रुपये पडतात. प्रती नको असतील तर दप्तर पाहायला मागावे. पहिल्या तासाला फी नाही. ग्रामपंचायतीची रोकड वही म्हणजे नमुना ५, आणि अंदाजपत्रक म्हणजे नमुना १. घरपट्टीचा नमुना ८ आपल्या ओळखीचा आहेच, त्याचीच ही भावंडे.

तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा अपुरे आले, तर पुढील तीस दिवसांत पहिले अपील करावे. फी वीस रुपये. अपील कोणाकडे करायचे ते नाव कार्यालयातील फलकावर असते. तिथेही निकाल लागला नाही तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. अर्जाची पोच घ्यायला विसरू नये. पोच नसली तर तारीख सिद्ध होत नाही.

शेवटचा काटा ग्रामसभा

कागद हाती आला, मोजमाप झालं, वहीत उतरलं. आता ते मांडायचं कुठे? चावडीवर नव्हे, पानपट्टीवर नव्हे. ग्रामसभेत. कायद्याप्रमाणे वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हायच्या आहेत. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती गणपूर्ती. गणपूर्तीअभावी सभा तहकूब होते, त्यात आपणही कारण असतो, हे कबूल करायला हवे. त्याआधी महिलांची सभा असते. घरातल्या बायामाणसांनी तिथे पाण्याच्या आणि स्वच्छतेच्या पैशाचा हिशेब विचारावा. पाणी भरायला कोण जातं, हे सर्वांना ठाऊक आहे.

सभेत बोलताना भाषण करू नये. वही उघडावी आणि तीन आकडे वाचावेत: धरलेले किती, दिलेले किती, जागेवर किती. प्रश्न व त्याचे उत्तर इतिवृत्तात लिहून घेण्याचा आग्रह धरावा. इतिवृत्तात आलेला प्रश्न पुढच्या सभेतही जिवंत राहतो.

आपल्या कारखान्याचा ताळेबंद वार्षिक अहवालात छापून येतो आणि सर्वसाधारण सभेत सभासद त्यावर उभे राहून प्रश्न विचारतात. कधी आम्हा खात्याच्या लोकांना ते प्रश्न टोचतात. पण त्यानेच काटा सरळ राहतो, हे आम्ही या नोकरीत पाहिलं आहे. गावाचं त्याहून वेगळं नाही.

येत्या लागणीआधी प्रत्येक गावात निदान चार सभासदांनी एकत्र बसून आपल्या ग्रामपंचायतीची एका वर्षाची नोंद वहीत उतरवावी आणि एका पाणंदीचे मोजमाप घ्यावे, अशी आमची विनंती आहे. संकेतस्थळ उघडताना अडचण आली तर आपल्या गट ऑफिसात यावे. ब्रासचा हिशेब मांडून देऊ. फीत मात्र तुम्हीच धरायची आहे.